चालता बिंदु

आलेखाच्या कागदावर बिंदु मांडतांना शाळेंतील मुलगा आधीं आडवें अंतर मोजतो, मग उभें. आणि दोहोंची गांठ पडेल तेथें पेन्सिलीचें टोंक टेकतो. बिंदु तेथें कायमचा बसला, असें त्यास वाटतें. विद्यार्थिदशेंत आम्हांसही असेंच वाटे. परंतु तो बिंदु चालूं लागला तेव्हांच या कागदाची खरी शक्ति प्रकट झाली. आणि तो चालूं लागण्यास जो विलंब लागला त्याचा वृत्तांत मोठा बोधप्रद आहे.

हॉलंडमधील लायडन नगरांत लागोपाठच्या दोन वर्षांत दोन पुस्तकें छापून निघालीं. पहिलें १६३७ सालचें, देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याचें. त्यास जोडलेल्या भूमितीच्या निबंधांत वक्ररेषा व समीकरण यांची सोयरीक जुळली. आजचे काटकोनांतील दोन अक्ष त्यांत नाहींत. पण दोन अंतरांनीं बिंदूचें स्थान सांगण्याची युक्ति तीच. दुसरें पुस्तक १६३८ सालचें, गॅलिलिओचें. १६३३ त धर्मपीठानें त्यास शिक्षा केली होती. इटलींत त्याच्या लिखाणास छापखाना मिळेना, म्हणून आर्चेत्री येथील नजरकैदेंतून हस्तलिखित परदेशीं गेलें. फेंकलेली वस्तु दोन गतींनीं एकदम चालते, आडवी गति सारखी राहते व खालची वाढत जाते, आणि तिचा मार्ग अन्वस्त नांवाचा वक्र होतो, हें त्यानें त्यांत सिद्ध केलें. मात्र त्याच्यापाशीं बीजगणिताचें समीकरण नव्हतें.

म्हणजे एकाच्या हातीं कागद होता व दुसऱ्याच्या हातीं चालणारा बिंदु. देकार्तनें गॅलिलिओचें पुस्तक त्याच सालीं वाचलें. पण पायावांचून बांधलेली इमारत, असा शेरा एका पत्रांत मारून तें बाजूस सारलें! एरवींही स्वतंत्र गतींविषयीं तो साशंकच असे. एकमेकींस जखडलेल्या पट्ट्यांनीं काढलेले वक्र त्यास मान्य होते. आर्किमिडीजचें सर्पिल मान्य नव्हतें. सर्पिल काढतांना एक गति वर्तुळाकार असते व दुसरी सरळ. सरळ आणि वक्र यांचें नेमकें प्रमाण मनुष्यबुद्धीस कळणार नाहीं, असें त्याचें मत. आम्ही याला हट्ट म्हणणार नाहीं. अचूकपणाच्या आग्रहापायीं त्यानें ही किंमत दिली.

१६६५ त प्लेगमुळें केंब्रिजचें विद्यापीठ बंद पडलें आणि बावीस वर्षांचा न्यूटन वुल्सथॉर्प या आपल्या गांवीं परतला. देकार्तचा निबंध त्यानें लॅटिन भाषांतरांत अभ्यासिला होता. १६६६ च्या ऑक्टोबरांतील टिपणांत त्यानें वक्ररेषेचे प्रश्न गतीच्याच साहाय्यानें सोडविले. समजा, एक बिंदु दर सेकंदास एक घर उजवीकडे सरतो, आणि पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या सेकंदाच्या अखेरीस एकंदर १, ४ व ९ घरें खालीं उतरलेला असतो. तिसऱ्या सेकंदाच्या शेवटीं उतरण्याचा वेग ६ घरें व उजवीकडील वेग १ घर असतो. म्हणून तेथील स्पर्शरेषा एका घरामागें सहा घरें उतरते. दोन वेगांचें प्रमाण कळलें कीं दिशा कळली. या रीतीस सर्पिलही वर्ज्य राहिलें नाहीं.

क्षणाच्या गतीचा विचार आपणांकडेही झाला होता. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या ‘सिद्धांतशिरोमणी’ंत सांगितलेली ‘तात्कालिकी गति’ याच जातीची आहे. परंतु ती आकाशांतील ग्रहांची होती. कागदावरील वक्राशीं तिची गांठ पडली नव्हती.

लायडनचीं तीं दोन पुस्तकें जवळजवळ अठ्ठावीस वर्षें जगापुढें होतीं, व दोन्ही वाचणारे विद्वान् थोडे नव्हते. ज्ञान जवळ असणें निराळें आणि एका ज्ञानाची दुसऱ्याशीं गांठ घालून देणें निराळें. आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही भूमितीचा तास वेगळा देतों व गतिशास्त्राचा वेगळा. मधली भिंत मात्र त्यांनींच पाडावी, अशी अपेक्षा करतों. निदान आलेखाचा कागद पुढें ठेवतांना तरी, बिंदु मांडून झाल्यावर तो आतां कोणीकडे निघाला आहे, असें आपण त्यांस विचारीत जावें.