वृषणाला पीळ पडणे : पहिले सहा तास निर्णायक

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी नेहमीची. वडील कामावर असताना पहाटे तीनच्या सुमारास तेरा-चौदा वर्षांचा मुलगा ओटीपोटात कळ आली म्हणून उठून बसतो, त्याला उलटीही होते. अपचन समजून ओवा दिला जातो. नेमके कोठे दुखते, हे आईला सांगण्यास मुलगा संकोचतो. वृषणाला पीळ पडण्याच्या विकारात हा संकोच फार महागात पडतो.

वृषण ज्या दोरीसारख्या रज्जूला लोंबकळत असते, त्यातूनच त्याच्या रक्तवाहिन्या जातात. काहींच्या बाबतीत वृषण भोवतालच्या आवरणाला जन्मतःच नीट चिकटलेले नसते, घंटेच्या लोलकाप्रमाणे ते मोकळे राहते. असे वृषण स्वतःभोवती फिरले की रज्जूला पीळ बसतो आणि रक्तपुरवठा तुटतो. नवजात अर्भकांत आणि १२ ते १८ या वयात हा विकार अधिक आढळतो. मार लागलेलाच असतो असे नाही. झोपेतही पीळ बसतो.

एका बाजूस अकस्मात तीव्र वेदना, मळमळ, सूज आणि वृषण वर ओढल्यासारखे आडवे दिसणे, ही प्रमुख लक्षणे होत. जंतुसंसर्गात दुखणे सहसा हळूहळू वाढते, ताप वा लघवीला जळजळ असते. मात्र हा भेद घरी ठरविण्याच्या फंदात पडू नये. दुखणे आपोआप थांबले तरी निश्चिंत राहू नये. पीळ तात्पुरता सुटलेला असू शकतो किंवा वृषण निर्जीव झालेले असू शकते.

सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांचे वृषण वाचते. चोवीस तासांनंतर ही शक्यता १० टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणून वेदनाशामक गोळी देऊन सकाळच्या दवाखान्याची वाट पाहणे चुकीचे. सातपूरहून त्र्यंबक रस्त्याने जिल्हा रुग्णालय फार दूर नाही. वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. भूल द्यावी लागणार असल्याने मुलास काही खाऊ-पिऊ घालू नये. वडिलांना कारखान्यातून थेट रुग्णालयात बोलवावे.

डॉप्लर सोनोग्राफीने रक्तप्रवाह कळतो. पण लक्षणे स्पष्ट असल्यास शल्यचिकित्सक तिच्यासाठी थांबत नाहीत. शस्त्रक्रियेत पीळ सोडवून वृषण टाक्यांनी स्थिर करतात. दुसऱ्या बाजूसही तोच दोष असण्याचा संभव असल्याने तेही त्याच वेळी टाचले जाते. एक वृषण काढावे लागले तरी दुसरे निरोगी असल्यास पुढे अपत्यप्राप्ती होऊ शकते, हे पालकांनी मुलाला आवर्जून सांगावे.