‘मानापमाना’च्या चाली आणि त्यांचे श्रोते

कोल्हापुरास लागून, पंचगंगेच्या कांठीं असलेल्या कसबा बावडा येथील लक्ष्मी-विलास राजवाड्यांत २६ जून १८७४ रोजीं यशवंतराव घाटगे यांचा जन्म झाला. हेच पुढें शाहू छत्रपति म्हणून कोल्हापूरच्या गादीवर आले. त्यांच्या सामाजिक कार्याचा गौरव सर्वत्र होतो. परंतु त्यांनीं अल्लादियाखांसाहेबांस दरबारीं आश्रय दिला आणि त्यायोगें कोल्हापुरांत कानांची एक पिढीच तयार झाली, ही गोष्ट तितकीशी बोलली जात नाहीं. गवई पुष्कळ गांवांस लाभतात. ऐकणारे घडवावे लागतात.

याच वातावरणांत सांगवड्याचे गोविंदराव टेंबे (जन्म १८८१) वाढले. हातीं पेटी, मनीं भास्करबुवा बखल्यांची भक्ति, आणि कान मात्र चौफेर. खांसाहेबांचा डौलदार ख्याल त्यांना जितका प्रिय, तितकीच पूरबेकडील नखरेल ठुमरीही प्रिय. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनीं आपल्या पहिल्या संगीत नाटकासाठीं चाली मागितल्या, तेव्हां टेंब्यांनीं हा सारा संग्रह त्यांच्यापुढें मोकळा केला. किर्लोस्कर नाटक मंडळीनें ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस रंगभूमीवर आणलें. त्याच दिवशीं बालगंधर्वांचें तान्हें मूल दगावलें होतें. तरीही प्रयोग झाला आणि भामिनी रंगभूमीवर उभी राहिली.

त्या रात्रीं प्रेक्षकांनीं जें ऐकलें त्याचें नावीन्य आज सहजीं उमगणार नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’-‘सौभद्रां’त साकी, दिंडी, कीर्तनांतील वळणें, कर्नाटकी चाली यांचें राज्य होतें. पदें आटोपशीर असत आणि कथा पुढें नेत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं पारशी रंगभूमीच्या उडत्या चाली आणल्या, हेंही लोकांनीं पचविलें होतें. टेंब्यांच्या चालींची गोष्ट वेगळी होती. ठुमरीची चाल म्हणजे विस्ताराला दिलेलें निमंत्रण; एकाच ओळींतील एकेक शब्द वेगवेगळ्या भावानें आळवावा, हा तिचा स्वभावच. बालगंधर्वांसारखा गळा आणि ‘वन्स मोअर’चा गजर यांची गांठ पडल्यावर पद कोठें संपावें हें नाटककाराच्या हातीं राहिलें नाहीं.

येथेंच श्रोत्यांत दोन तट पडले. एका पक्षाचें म्हणणें असें कीं नाटक पाहावयास यावें आणि मैफल ऐकून परतावें, हा कोणता न्याय? भामिनी गात असतां धैर्यधरानें किती वेळ नुसतें उभें राहावें? शिवाय चाल आधीं आणि शब्द मागून, अशी रचना असल्यामुळें खाडिलकरांचीं पदें ठिकठिकाणीं ओबडधोबड झालीं, हा आक्षेप तर त्यांच्या चाहत्यांनाही खोडतां आला नाहीं. गद्यांत ज्याची लेखणी तलवारीसारखी चाले, त्यानें पद्यांत अडखळावें, हें खरोखरच विचित्र होतें.

दुसऱ्या पक्षाचें उत्तर तितकेंच वजनदार होतें. ही ठुमरी ज्या बैठकींत गाइली जाई, तेथें पांढरपेशा गृहस्थ उघडपणें जात नसे, आणि त्याच्या घरांतील स्त्रियांना तर ती वाट बंदच होती. टेंब्यांनीं तीच चाल कुलीन नायिकेच्या मुखीं घातली आणि तिकिटाच्या चार पैशांत सर्वांना ती मिळूं लागली. शब्द लंगडे असतील. पण स्वरांनीं केलेलें काम शब्दांना कधींच जमलें नसतें. या वादांत पारडें दुसऱ्या पक्षाकडे झुकतें असें वाटतें, कारण पुढें नाटक मागें पडलें तरी पदें घरोघर राहिलीं. मात्र त्यांतून नाटकाची हानि झाली, हेंही नाकारतां येणार नाहीं.

टेंबे पुढें स्वतःच धैर्यधराच्या भूमिकेंत उभे राहिले. पण ‘माना‍पमाना’च्या श्रोत्यांची खरी कसोटी ८ जुलै १९२१ रोजीं लागली. टिळक स्वराज्य फंडासाठीं झालेल्या संयुक्त प्रयोगांत कोल्हापूरचेच केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. एकाचा आवाज चढा, झेपावणारा. दुसऱ्याचा लडिवाळ, लयीशीं खेळणारा. कोण सरस, या प्रश्नावर मग वर्षानुवर्षें वाद रंगले. केशवराव मात्र ते ऐकावयास राहिले नाहींत. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत, अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, ते गेले.

शाहू छत्रपतींनीं बांधविलेल्या कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरास पुढें केशवरावांचेंच नांव देण्यांत आलें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशीं, तें आगींत सांपडलें. १० जानेवारी २०२५ रोजीं ‘मानापमाना’वरील मराठी चित्रपट प्रदर्शित झाला, त्यास संगीत दिलें शंकर-एहसान-लॉय या त्रयीनें.