मोटेपासून पॅकिंगपर्यंत

आपल्याकडे तंत्राचा इतिहास लिहिला जातो तो कारखान्यांचा आणि कारखानदारांचा. यंत्र कोणी आणले, कोणत्या साली आणले याची नोंद असते. ते गळू लागल्यावर कोणाच्या हातांनी गळती थांबवली याची नोंद नसते. हा प्रश्न मला वर्गात पडला नाही. तो पडला नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, एका गॅरेजात, चुलत्याशेजारी पिकअप गाडीखाली उताणा पडलो असताना.

नेप्तीच्या बाजारात कांदा उतरवून आलेली ती गाडी उभी राहील तिथे काळा डाग पाडत होती. मालक म्हणाला, "चेंबरचं पॅकिंग गेलंय, नवं टाका." नानांनी लगेच पाना लावला नाही. त्यांनी इंजिन डिझेलने धुतले, चिंधीने कोरडे केले, गाडी चालू ठेवली आणि बॅटरीच्या उजेडात वरून खाली पाहत आले.

"नाना, डाग तर खाली आहे. वर काय पाहता?"

मी प्राध्यापक झाल्यापासून ते मला थट्टेने 'सर' म्हणतात. म्हणाले, "सर, तेल खालीच येणार. निघालं कुठून ते बघायचं असतं. टॅपेट कव्हरचं तेलसुद्धा चेंबरवरूनच टपकतं."

इतिहासाच्या साधनांची चिकित्सा मला याहून सोप्या शब्दांत कोणी शिकवली नव्हती.

या वेळी गळती पॅकिंगचीच निघाली. तेल काढून बोल्ट सोडल्यावर चेंबर खाली आला. जुना कॉर्क पत्र्याला चिकटून दगडासारखा झाला होता. तो खरवडून काढावा लागला. आधीच्या कोणीतरी बोल्ट इतके आवळले होते की भोकांभोवतीचा पत्रा उचलला गेला होता. तो सपाट केल्याशिवाय नवे पॅकिंग व्यर्थ. नानांनी काठ लोखंडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सरळ केला. मग पॅकिंग बसवून मधल्या बोल्टांपासून दोन्ही टोकांकडे, आलटून पालटून, थोडे थोडे आवळत गेले. जास्त आवळले तर कॉर्क चेंगरतो, कमी आवळले तर तेल पाझरते. शेवटी त्यांनी इंजिनाची हवेची नळी तपासली. ती तुंबली तर आतला दाब तेल बाहेर ढकलतो; मग पॅकिंग कितीही वेळा बदला, गळती चालूच.

"हा हाताचा अंदाज कुठून आला?" मी विचारले.

"दादांजवळ बसून."

दादा म्हणजे माझे आजोबा. ते मोटा शिवत. ढोरांनी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे, त्याची मोट, तिची सोंड, नाडा आणि सोंदूर. आरीचे भोक वादीपेक्षा बारीक ठेवायचे; वादी भिजून फुगली की भोक आपोआप बुजते. टाका ढिला राहिला तर पाणी गळते, फार ओढला तर कातडे फाटते. कॉर्कचा न्याय इथेही तोच. मोटारींच्या पहिल्या काही दशकांत फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारी सिलेही चामड्याची असत. कृत्रिम रबर नंतर आले. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बसलेल्या हातपंपांच्या नळकांड्यांतले वॉशरही बरीच वर्षे चामड्याचेच होते. म्हणजे ज्याला गावाने हलके काम म्हटले, ते पाणी आणि तेल अडवण्याचे शास्त्र होते.

या शास्त्राची किंमत काय झाली? चामड्याच्या मोटेतून थारोळ्यात पडलेले पाणी कोणाला विटाळले नाही. मोट शिवणाऱ्याचा हात मात्र विहिरीला विटाळत होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती याच विसंगतीच्या तोंडावर. १९१५ साली निघालेल्या 'गाव-गाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे तपशीलवार वर्णन आहे. कोणी काय करायचे आणि खळ्यावरून काय न्यायचे हे त्यात सापडते. पण बलुत्याच्या व्यवहारात हे कसब ज्ञान म्हणून कधीच मोजले गेले नाही.

इथे एक धोका आहे आणि तो मी टाळू इच्छित नाही. पूर्वजांच्या कसबाचे गोडवे गाता गाता आपण वर्णव्यवस्थेच्या दारात जाऊन उभे राहतो. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली स्पष्ट केले. आजोबांनी ते वाचले नव्हते, पण जाणले होते. त्यांनी आपल्या एकाही मुलाच्या हाती आरी दिली नाही. "हे माझ्यापाशी संपू दे," असे ते म्हणत. विहिरींवर इंजिने आली, मोटा अडगळीत गेल्या, आणि नाना नगरला आले. पहिल्या गॅरेजात त्यांचा चहाचा कप निराळा होता. पण हात काळे करूनही लोक त्यांना जातीने नव्हे तर 'मिस्त्री' म्हणून हाक मारू लागले, हा फरक लहान नव्हता.

मला वाटते, आजोबांनी नाकारली ती सक्ती, ज्ञान नव्हे. ज्ञान त्यांच्या नकळत मुलाच्या बोटांत उतरले होते. सक्ती जातीची होती, ज्ञान मात्र माणसाचे होते. या दोहोंची गल्लत केली की दोनच वाटा उरतात: लाज किंवा खोटा अभिमान. मी स्वतः कॉलेजात असताना आजोबांचा धंदा 'शेती' असा सांगत असे. त्या खोटेपणाची भरपाई म्हणूनही हा लेख आहे.

आपल्या विद्यार्थ्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे. आरी, रापी, वादी, सोंड, सोंदूर हे शब्द आणि त्यांमागची रीत लिहून घ्यावी. धंदा परत आणण्यासाठी नव्हे. आपला इतिहास कुठून गळाला हे पाहण्यासाठी.

त्या रात्री नानांनी गाडीखाली कोरा कागद पसरला. सकाळी तो कोराच होता. मालकाने पैसे दिले आणि तो निघून गेला. कागदाकडे त्याने पाहिले नाही. नानांनी मात्र तो उचलला, उजेडात धरून पाहिला आणि पुढच्या गाडीसाठी घडी करून ठेवला.