गिरगाव चौपाटीची नाकाबंदी : तुकाराम ओंबळे आणि एक जिवंत पुरावा

२६/११ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हल्ल्यातील सर्वांत निर्णायक प्रसंग २६ नोव्हेंबरला घडलाच नाही. तो घडला मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे २७ नोव्हेंबर २००८ रोजी, साडेबाराच्या सुमारास, मुंबईच्या गिरगाव चौपाटीपाशी. समुद्रमार्गे आलेल्या दहा दहशतवाद्यांपैकी नऊ जण त्या सुमारे साठ तासांच्या धुमश्चक्रीत मारले गेले. एक जिवंत सापडला. तो सापडला याचे कारण, डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या एका सहायक फौजदाराने त्याच्या एके-४७ रायफलीची नळी धरली आणि अंगात गोळ्या शिरत असतानाही ती सोडली नाही.

त्या सहायक फौजदारांचे नाव तुकाराम गोपाळ ओंबळे. हे नाव आज बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र त्यांच्या कृतीमुळे नेमके काय साध्य झाले आणि काय त्याशिवायही झाले असते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो विचारल्याने त्यांच्या शौर्याला बाध येत नाही; उलट ते शौर्य इतिहासात नेमके कुठे बसते, हे स्पष्ट होते.

ओंबळे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. जावळी म्हटले की इतिहासाच्या विद्यार्थ्यांना चंद्रराव मोरे आणि १६५६ आठवते. विसाव्या शतकातील जावळीची ओळख मात्र वेगळी आहे. डोंगराळ मुलूख, तुटपुंजी शेती आणि त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकडे लागलेली वाट. या भागातील माणसे मुंबईत गिरणीत राबली, माथाडी झाली, पोलिसांत भरती झाली. दुसरी वाट होती फौजेची, आणि सातारा जिल्ह्याला ती नवी नव्हती. ओंबळे यांनी या दोन्ही वाटा चालून पाहिल्या. लष्कराच्या सिग्नल कोअरमधून ते नाईक या पदावरून निवृत्त झाले आणि १९९१ मध्ये मुंबई पोलिसांत दाखल झाले.

‘सहायक फौजदार’ हे पदनामही थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. मुघल काळातील फौजदार हा मोठ्या प्रदेशाचा लष्करी अधिकारी असे. इंग्रजी अमदानीत आणि पुढे मराठी बोलीत हा शब्द घसरत घसरत पोलीस उपनिरीक्षकापर्यंत आला. सहायक फौजदार त्याच्याही खालचा, हवालदाराच्या वरचा. शिपाई आणि अधिकारी यांच्या सीमारेषेवरचा हा माणूस. नाकाबंदीत उभा राहणारा, रात्रपाळी करणारा, वर्तमानपत्रात ज्याचे नाव सहसा येत नाही असा.

आता त्या रात्रीकडे. पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका भर समुद्रात ताब्यात घेऊन, तिचे तांडेल अमरसिंह सोळंकी यांची हत्या करून, दहा जण रबरी होडीने कफ परेडजवळच्या बधवार पार्क येथील मच्छीमार वस्तीपाशी उतरले. तेथून पाच जोड्या पाच दिशांना गेल्या. अजमल कसाब आणि अबू इस्माईल ही जोडी टॅक्सीने छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोहोचली. लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत बसलेल्या प्रवाशांवर त्यांनी बेछूट गोळीबार केला. त्या एका स्थानकात पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे तेथेच धारातीर्थी पडले. पत्रकार सेबॅस्टियन डिसूझा यांनी तेथे कसाबचे छायाचित्र टिपले. पाठीवर पिशवी, हातात रायफल असे ते छायाचित्र पुढे न्यायालयात पुरावा ठरले.

स्थानकातून बाहेर पडून ही जोडी कामा रुग्णालयात शिरली. तेथे सदानंद दाते यांच्या तुकडीशी त्यांची चकमक झाली. त्यानंतर रुग्णालयालगतच्या रंगभवन गल्लीत पोलिसांच्या क्वालिस गाडीवर गोळीबार होऊन हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन वरिष्ठ अधिकारी मारले गेले. मागच्या बाजूला जखमी अवस्थेत पडलेले अरुण जाधव मेले आहेत असे समजून हल्लेखोर तीच गाडी घेऊन निघाले. टायर निकामी झाल्यावर त्यांनी एक स्कोडा गाडी बळकावली. क्वालिस सोडली जाताच जाधव यांनी बिनतारी यंत्रणेवरून कळवले. काही वेळातच शहरभर संदेश फिरला : स्कोडा अडवा.

मरीन ड्राइव्ह जेथे चौपाटीला भिडतो, तेथे डी. बी. मार्ग पोलिसांनी रस्ता अडवला होता. (डी. बी. म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर, जुना लॅमिंग्टन रोड.) ही तीच चौपाटी जेथे १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांना अग्नी दिला गेला. नाकाबंदीतील काही अधिकाऱ्यांकडे हातातली बंदूक होती, बाकीच्यांकडे लाठ्या. समोरून कोण येत आहे, त्यांच्याकडे कोणती शस्त्रे आहेत, याची कल्पना तोवर आलेली होती. आपल्याच दलातील तिघे वरिष्ठ अधिकारी नुकतेच गोळ्यांना बळी पडले आहेत, ही वार्ताही पसरत होती. तरी नाकाबंदी जागेवर राहिली. या संपूर्ण हकिकतीतील ही कदाचित सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट आहे.

स्कोडा आली ती अडथळ्यापासून काही अंतरावर थांबली. दिवे प्रखर ठेवलेले, काचेवर पाण्याचे फवारे सुरू, म्हणजे आत कोण आहे ते दिसू नये. पोलिसांनी दिवे मालवून बाहेर येण्यास बजावले. चालकाच्या जागेवरील इस्माईलने गाडी वळवण्याचा प्रयत्न केला. ती रस्तादुभाजकावर अडकली. पोलीस दोन्ही बाजूंनी पुढे सरसावले. इस्माईलने पिस्तुलातून गोळीबार सुरू केला. हेमंत बावधनकर आणि भास्कर कदम या अधिकाऱ्यांनी त्याला प्रत्युत्तर दिले, आणि इस्माईल गतप्राण झाला.

दुसऱ्या बाजूने कसाब बाहेर पडला. शरण येत असल्याचा भास होतो न होतो तोच त्याच्या हाती एके-४७ दिसली. ओंबळे त्याच्या सर्वांत जवळ होते. त्यांनी झेप घेऊन नळी पकडली. कसाबने चाप ओढला. गोळ्या ओंबळे यांच्या देहात शिरल्या. एका गोळीने शेजारचे अधिकारी संजय गोविलकर जखमी झाले. परंतु नळी ओंबळे यांच्या पकडीत असल्यामुळे रायफल इतरांकडे वळली नाही. त्या काही क्षणांत बाकीचे पोलीस कसाबवर लाठ्या घेऊन तुटून पडले आणि त्याला जेरबंद केले. ओंबळे यांना रुग्णालयात नेले, पण ते वाचू शकले नाहीत.

लोकप्रिय लेखनात ओंबळे यांना लागलेल्या गोळ्यांची संख्या कधी २३ तर कधी ४० अशी येते. वीरकथेत आकडा नेहमीच वाढत जातो. बखरी वाचणाऱ्यांना हे सांगायला नको. या प्रसंगाला अशा वाढीव आकड्याची गरज नाही. स्वयंचलित रायफलीच्या तोंडावर, अगदी हातभर अंतरावर, उघड्या हातांनी उभे राहणे म्हणजे काय, हे लष्करात नोकरी केलेल्या माणसाला नेमके ठाऊक असते. ओंबळे यांनी जे केले ते अजाणतेपणी केले, असे म्हणण्यास जागा नाही.

या अटकेने काय बदलले? त्या रात्री माध्यमांकडे ‘डेक्कन मुजाहिदीन’ या अपरिचित नावाने जबाबदारी घेणारा ई-मेल आला होता. हल्लेखोरांकडे भारतीय महाविद्यालयांची बनावट ओळखपत्रे होती. कसाबचे ओळखपत्र हैदराबादमधील महाविद्यालयाचे, समीर चौधरी या हिंदू वाटणाऱ्या नावाचे होते. तपासाचे प्रमुख राकेश मारिया यांनी पुढे २०२० मधील आपल्या आत्मचरित्रात असा दावा केला की कसाबने भारतीय हिंदू म्हणून मरावे, अशीच सूत्रधारांची योजना होती. हा दावा मारिया यांचा म्हणूनच वाचावा. परंतु ओळखपत्रे खरी होती आणि हल्ल्याला देशी रूप देण्याचा प्रयत्न उघड होता.

येथे थोडा सावधपणा हवा. ‘ओंबळे नसते तर सत्य कधीच कळले नसते’ हे वाक्य समाजमाध्यमांवर वारंवार भेटते आणि ते तितकेसे बरोबर नाही. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधील हल्लेखोर त्यांच्या सूत्रधारांशी फोनवर बोलत होते आणि ती संभाषणे ध्वनिमुद्रित होत होती. ‘कुबेर’वर जीपीएस यंत्र आणि सॅटेलाइट फोन सापडले. माग पाकिस्तानपर्यंत पोहोचलाच असता. फरक पडला तो दुसरीकडे. ध्वनिमुद्रणातील आवाज नाकारता येतो. यंत्र कोणी ठेवले यावर वाद घालता येतो. फरीदकोट गावच्या, आईबाप हयात असलेल्या, नावगाव सांगणाऱ्या एका जिवंत माणसाला नाकारणे कठीण असते.

ते किती कठीण होते, हे इस्लामाबादमध्ये दिसले. ७ जानेवारी २००९ रोजी पाकिस्तानचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार महमूद अली दुर्रानी यांनी कसाब पाकिस्तानी नागरिक असल्याचे मान्य केले, आणि त्याच दिवशी पंतप्रधान गिलानी यांनी त्यांना पदावरून दूर केले. पण शब्द बाहेर पडला होता. १२ फेब्रुवारीला गृहखात्याचे प्रमुख रहमान मलिक यांनी कटाचा काही भाग पाकिस्तानात रचला गेल्याची जाहीर कबुली दिली.

दुसरा परिणाम न्यायालयीन होता. फेब्रुवारी २००९ मध्ये दंडाधिकाऱ्यांसमोर कसाबचा कबुलीजबाब नोंदवला गेला. आर्थर रोड तुरुंगाच्या आवारातील विशेष न्यायालयात न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांच्यासमोर खटला चालला. सरकार पक्षातर्फे उज्ज्वल निकम होते. मध्येच आरोपीने गुन्हा कबूल केला, नंतर तो फिरला. डिसेंबर २००९ मध्ये तर त्याने सांगितले की आपण चित्रपटांच्या ओढीने मुंबईत आलो होतो आणि पोलिसांनी आपल्याला हल्ल्याच्या आधीच जुहू चौपाटीवरून उचलले! येथे गिरगाव चौपाटीचे महत्त्व कळते. स्कोडा, रायफल, इस्माईलचा मृतदेह, जखमी गोविलकर आणि नाकाबंदीतील साक्षीदार यांनी ती कहाणी जागीच कोसळवली. ६ मे २०१० रोजी फाशीची शिक्षा सुनावली गेली. फेब्रुवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात तिची अंमलबजावणी झाली. याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले, आणि तो निर्णय सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. हा खटला केवळ सोपस्कार नव्हता, हे दाखवणारी ही बाब आहे.

गौरवाच्या कथेत एक अवघड प्रश्न मागे पडतो. एके-४७ समोर लाठी का होती? राज्य शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांकडील शस्त्रसामग्री, दारूगोळा आणि गोळीबाराच्या सरावातील उणिवांवर बोट ठेवले. हल्ल्यानंतर ‘फोर्स वन’ हे विशेष दल उभे राहिले, राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा झाला, किनारी सुरक्षेची फेरमांडणी झाली. ओंबळे यांच्या हौतात्म्याचे वर्णन करताना ‘निःशस्त्र’ हा शब्द आपण अभिमानाने उच्चारतो. शासनाच्या दृष्टीने पाहता तो अभिमानाचा शब्द नाही.

२६ जानेवारी २००९ रोजी ओंबळे यांना मरणोत्तर अशोक चक्र जाहीर झाले. शांतताकालीन शौर्याचा हा सर्वोच्च सन्मान त्याच वर्षी करकरे, कामटे, साळसकर, मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्र सिंह यांनाही मिळाला. लष्करी अधिकारी, भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी आणि एक सहायक फौजदार एकाच यादीत आले. पोलिसांच्या स्मृतीचा राष्ट्रीय दिवस मात्र त्याहून जुना आहे. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांच्या हल्ल्यात दहा पोलीस मारले गेले, आणि तेव्हापासून ती तारीख पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळली जाते. त्या दिवशी दरवर्षी त्या वर्षात कर्तव्यावर मरण पावलेल्यांची नावे वाचली जातात. यादी लांब असते, आणि तिच्यातील बहुतेक नावे शिपाई व हवालदारांची असतात.

२६/११ च्या यादीतही तशी नावे आहेत : प्रकाश मोरे, बापूराव दुरगुडे, विजय खांडेकर, जयवंत पाटील, योगेश पाटील, अंबादास पवार, राज्य राखीव दलाचे राहुल शिंदे, रेल्वे सुरक्षा दलाचे एम. सी. चौधरी, गृहरक्षक मुकेश जाधव. यांपैकी किती जणांच्या वाट्याला चौकाचे नाव आले, हे ज्याने त्याने आपल्या शहरात शोधावे.

ओंबळे यांच्या वाट्याला चौपाटीलगत स्मारक आले. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या प्रजातीला अभ्यासकांनी ‘इसियस तुकारामी’ असे नाव दिले. प्राणिशास्त्राच्या नोंदीत ते कायमचे राहील. आणि २०२५ मध्ये, म्हणजे सोळा वर्षे उलटल्यानंतर, राज्य शासनाने केडंबे येथील स्मारकासाठी १३ कोटी ४६ लाख रुपये मंजूर केले.