मोठ्या मासेमारी बोटीला इंजिन कोणतं? आऊटबोर्ड की डिझेल?

नरडाण्यातून सुरत-भुसावळ रेल्वे जाते, समुद्र मात्र लांब. त्यामुळे बोटीची आपली ओळख बहुतेक रील्सपुरती: मागे दोन-तीन आऊटबोर्ड लावून सुसाट पळणारी बोट. मग मुंबईच्या ससून डॉकमधल्या किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या ट्रॉलरला असं इंजिन का नसतं?

फरक काय?
आऊटबोर्ड म्हणजे इंजिन, गिअर आणि पंखा एकत्र असलेलं युनिट. ते बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवतात आणि बहुतेक वेळा पेट्रोलवर चालतं. ट्रॉलरचं डिझेल इंजिन बोटीच्या पोटात बसवतात. तिथून शाफ्ट बाहेर येतो आणि पाण्याखालचा पंखा फिरवतो.

ओढ महत्त्वाची, वेग नाही
शेतात नांगराला ट्रॅक्टर लागतो. तेवढ्याच एचपीची मोटारसायकल जोडली तर नांगर हलणारही नाही. ट्रॉलरचं काम नांगरासारखंच: जड जाळं तासन् तास हळू ओढायचं. त्यासाठी मोठा, सावकाश फिरणारा पंखा हवा. आऊटबोर्ड ५,००० ते ६,००० आरपीएमला पूर्ण ताकद देतो आणि त्याचा पंखा लहान असतो. हलक्या बोटीला ते छान, जड बोटीला नाही.

इंधनाचा हिशोब
ढोबळ अंदाज असा: एक युनिट (किलोवॅट-तास) कामाला डिझेल इंजिन पाव लिटर पितं, तर पेट्रोल आऊटबोर्ड साधारण ०.३८ लिटर. सरासरी ६० किलोवॅटने १० तास चालवलं तर डिझेल १५० लिटर, पेट्रोल सुमारे २२८ लिटर. एका दिवसात ७८ लिटर जास्त! शिवाय महाराष्ट्रात मच्छीमार सहकारी संस्थांच्या यांत्रिकी बोटींना डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराची प्रतिपूर्ती मिळते.

आगीचा धोका
हा मुद्दा पैशापेक्षा मोठा आहे. पेट्रोलची वाफ साध्या तापमानालाही पेट घेते आणि हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साचते. अनेक दिवसांच्या फेरीत खलाशी बोटीवरच स्वयंपाक करतात. अशा ठिकाणी शेकडो लिटर पेट्रोल ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. डिझेल सहजासहजी पेटत नाही.

आऊटबोर्ड कुठे जिंकतो?
किनाऱ्याजवळ मासेमारी करणाऱ्या लहान फायबर बोटींवर. तो हलका असतो, उथळ पाण्यात वर उचलता येतो आणि बिघडला तर काढून थेट मेकॅनिककडे नेता येतो. डिझेल इंजिन जड असतं, जागा खातं आणि बोटीतच दुरुस्त करावं लागतं. डिझेलवर चालणारे आऊटबोर्डही निघालेत, पण ते महाग आहेत. शिवाय मागून जाळं ओढायचं असेल तर मागे लटकलेलं कोणतंही इंजिन आडवं येतंच.

थोडक्यात
लहान बोट, जवळची फेरी: आऊटबोर्ड. जड बोट, जाळं ओढायचं, रात्र समुद्रावर काढायची: डिझेल. इंजिन निवडताना एचपीचा आकडा शेवटी बघा. आधी विचारा, बोट पळवायची आहे की ओझं ओढायचं आहे?