थेंबभर रक्ताचा हिशेब

"अगं, अंगात रक्त नाही तुझ्या!" हे वाक्य कधी ऐकलंच नाही असं मराठी घर सापडायचं नाही. आजी खालची पापणी ओढून बघायची, नखं बघायची आणि खजूर, गुळाचा खडा सुरू करायची. डॉक्टरसुद्धा फार काळ असंच बघून ठरवत. पण 'फिकट' म्हणजे किती फिकट, हे सांगायला मोजमाप लागतं. आधी मुंबईत आणि मग इथे इंग्लंडमध्ये माझी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली. म्हणून या मोजमापाची गोष्ट यंदाच्या दिवाळी अंकासाठी लिहायला घेतली.

सुरुवात लंडनलाच झाली. १८७८ मध्ये विल्यम गॉवर्स यांनी हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातलं लाल रंगद्रव्य, मोजायचं एक सुटसुटीत उपकरण पुढे आणलं. बोटातलं थोडं रक्त नळीत घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालत जायचं आणि शेजारच्या नळीतल्या रंगीत जिलेटिनशी रंग जुळला की थांबायचं. १९०० च्या सुमारास फिनलंडच्या टाल्क्विस्ट यांनी तर नळीही काढून टाकली. टीपकागदावर थेंब टिपायचा आणि छापील रंगपट्टीशी ताडून बघायचा. स्वस्त आणि झटपट, पण सगळी भिस्त बघणाऱ्याच्या डोळ्यावर.

१९०२ मध्ये स्वित्झर्लंडच्या हेरमान साली यांची पद्धत आली. ती भारतात कित्येक दशकं टिकली. मीही तिच्यावरच शिकले. नळीत पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात २० घन मिलिमीटर रक्त, मग दहा मिनिटं थांबायचं. रक्त तपकिरी झालं की पाणी घालत रंग जुळवायचा. एकाच नमुन्याला एकीचा आकडा साडेनऊ यायचा, दुसरीचा साडेदहा. खिडकीजवळ उभं राहिलं की आणखी तिसराच!

आकडा कमी आला की लोहाच्या गोळ्या द्या, एवढं सरळ गणित नसतं, हे दाखवणारं मोठं काम मुंबईतच झालं. लंडनच्या डॉ. ल्यूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईला गेल्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या गंभीर रक्तक्षयाचा अभ्यास केला. त्या बायकांना गुण आला तो यीस्टच्या अर्कानं, म्हणजे इथे आपण पावाला लावतो त्या मार्माइटनं! १९३१ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक ॲसिड. थोडक्यात, हिमोग्लोबिनचा आकडा रक्त कमी असल्याचं सांगतो. का कमी आहे, ते सांगत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मोरचुदाच्या निळ्या द्रावणात रक्ताचा थेंब सोडायची युक्ती निघाली. थेंब बुडाला तर ठीक, तरंगला तर रक्त कमी. पुढे रक्तदानाच्या ठिकाणी ती इतकी रुळली, की इथे जुन्या काळी रक्तदान केलेल्या वाचकांना तो निळा द्रव आठवत असेल. १९८० च्या दशकात स्वीडनहून हेमोक्यू आलं. हातात मावणारं यंत्र, चिमुकल्या चकतीत शोषलेला थेंब आणि मिनिटभरात आकडा. डोळ्याचा अंदाज संपला, आता चूक होणार नाही, असंच वाटलं.

यंत्र खरोखर चांगलं आहे. अडचण थेंबाची आहे. बोट पिळलं की रक्तात पेशींभोवतीचं पाणी मिसळतं. स्पिरिट वाळायच्या आत टोचलं किंवा चकतीत हवेचा बुडबुडा राहिला, तरी आकडा हलतो. चकत्यांच्या डबीचं झाकण दमट हवेत उघडं राहिलं तर चकत्या बिघडतात. एका माणसाच्या बाबतीत अर्ध्या ग्रॅमचा फरक किरकोळ वाटतो. पण गरोदर नसलेल्या बाईसाठी रक्तक्षयाची रेषा १२ ग्रॅमवर आखलेली आहे आणि असंख्य बायका त्या रेषेच्या आसपासच असतात. तिथे अर्धा ग्रॅम इकडचा तिकडे झाला की लाखो जणींच्या नावापुढचा शेरा बदलतो.

भारतात हे प्रत्यक्ष दिसलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९९८-९९ पासून बोटातल्या थेंबावर तपासणी सुरू झाली. २०१५-१६ च्या फेरीत पाच वर्षांखालची सुमारे ५९ टक्के मुलं रक्तक्षयी ठरली. २०१६-१८ च्या पोषण सर्वेक्षणात शिरेतलं रक्त घेऊन लॅबमध्ये तपासलं, तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांत आकडा ४१ च्या आसपास आला. वयोगट थोडा वेगळा होता, पण एवढी तफावत तेवढ्यानं भरून निघत नाही. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही शिरेतलं रक्त आणि लॅबमधलं स्वयंचलित यंत्र यांनाच पसंती दिली.

मग बोटाची तपासणी टाकाऊ म्हणायची का? मुळीच नाही. जिथे लॅब नाही, तिथल्या बाईपर्यंत हेच यंत्र पोचतं, आणि सहा-सात ग्रॅमवर आलेली गरोदर बाई त्यात सहसा सुटत नाही. इथून पुष्कळ जण गावच्या शिबिरांना यंत्रं देतात. जरूर द्यावीत. फक्त त्यासोबत टोचणाऱ्या ताईंच्या प्रशिक्षणाचा खर्च द्या, चकत्यांचा पुरवठा चालू राहील हे बघा आणि ज्यांचा आकडा कमी येईल त्यांच्या शिरेतलं रक्त जवळच्या लॅबमध्ये तपासायची सोय करा. रक्त का कमी आहे, हे तिथेच कळेल. आणि ते कळलं तरच योग्य औषध मिळेल.