नकली मालापासून सावध!

जुन्या मराठी मासिकांची शेवटची पानं चाळली की औषधांच्या जाहिरातींत एक ओळ हमखास भेटते. बाळगुटी असो, हिवतापाचं मिक्श्चर असो की डोकेदुखीचा बाम. गुण सांगून झाले, बाटलीची किंमत सांगून झाली, व्ही. पी.चा (टपालाने माल पाठवण्याचा) खर्च निराळा हेही सांगून झालं, की खाली ठळक टाइपात येतं : नकली मालापासून सावध राहा. सोबत कधी मालकाचा पगडीतला फोटो, कधी सहीचा ठसा, कधी ‘आमची छाप पाहून घ्या’ अशी विनंती. ही ओळ आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचं कूळ विचारावंसं कुणाला वाटत नाही. ते विचारायला हवं. औषध कशाचं केलं आहे हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, या जुन्या रिवाजाच्या पोटी तिचा जन्म झाला आहे.

हा रिवाज इंग्लंडातला. ‘पेटंट औषध’ म्हणून जी औषधं गाजली त्यांतल्या बहुतेकांवर पेटंट नव्हतंच. पेटंट घ्यायचं तर कृती सरकारदरबारी उघड करावी लागते आणि मुदत संपली की ती कुणालाही वापरता येते. त्यापेक्षा कृती झाकून ठेवायची आणि नाव गाजवायचं, हे विक्रेत्यांना जास्त सोयीचं होतं. अशा औषधांवर 1783 मध्ये इंग्लंडच्या सरकारने कर बसवला. कराचं छापील तिकीट बाटलीच्या बुचावर चिकटवायचं, म्हणजे बाटली उघडताना ते फाटलंच पाहिजे. सरकारला हवे होते पैसे. पण विक्रेत्यांना या तिकिटात वेगळीच सोय दिसली. जादा पैसे भरून ते तिकिटावर स्वतःचं नाव कोरून घेऊ लागले आणि जाहिरातीत सांगू लागले, ‘सरकारी तिकिटावर आमचं नाव असेल तरच माल अस्सल.’ लोकांना वाटलं, सरकारनेच औषध तपासून दिलं आहे. हा गैरसमज इतका पसरला की सरकार या औषधाची हमी देत नाही, असं पुढे त्या तिकिटावरच छापावं लागलं. सावधगिरीच्या ओळीला या बुचावरच्या कागदाने बळ दिलं.

तिला धार आली ती एका औषधामुळे, आणि त्या औषधाचं मूळ हिंदुस्थानात आहे. डॉ. जॉन कॉलिस ब्राऊन हा इथे लष्करी डॉक्टर होता. 1817 पासून पटकीच्या साथी देशभर फिरत होत्या आणि वैद्य, हकीम, डॉक्टर सगळेच हतबल होते. ब्राऊनने अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क एकत्र करून एक मिश्रण बनवलं, त्याचं नाव क्लोरोडाईन. अफूने आतड्यांची हालचाल मंदावते, जुलाब आटोक्यात येतात, पोटातली कळ थांबते. त्यामुळे रोग्याला आराम पडे, हे खरं होतं. पण पटकीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने, आणि त्यावर या बाटलीत काहीच नव्हतं. 1856 मध्ये ब्राऊनने लंडनचा औषधविक्रेता डेव्हनपोर्ट याच्याशी भागीदारी केली आणि क्लोरोडाईन बाजारात आलं. खोकला, दमा, हगवण, पटकी, निद्रानाश, सगळ्यांवर एकच बाटली. हिंदुस्थानात राहणाऱ्या गोऱ्या कुटुंबांच्या औषधपेटीत ती कायमची जाऊन बसली.

माल खपू लागला तशा नकला निघाल्या. फ्रीमन नावाच्या विक्रेत्याने स्वतःचं क्लोरोडाईन काढलं आणि मूळ शोध आपलाच, असा दावा केला. प्रकरण कोर्टात गेलं. 1864 मध्ये न्यायाधीश सर विल्यम पेज वुड यांनी सांगितलं की क्लोरोडाईनचा जनक नि:संशय ब्राऊन आहे आणि फ्रीमनची सगळी हकिकत जाणूनबुजून रचलेली खोटी आहे. तरीही फ्रीमनचा माल बाजारातून गेला नाही. मग डेव्हनपोर्टने न्यायाधीशांचे ते शब्द, ज्या अंकात ते छापले गेले त्या लंडनच्या ‘टाइम्स’च्या तारखेसकट, स्वतःच्या जाहिरातीत घातले आणि पुढे कित्येक वर्षं ते तसेच छापत राहिला. ‘नकलेपासून सावध’ ही ओळ इथे कोर्टाचा आधार घेऊन उभी राहिली. या सगळ्या भांडणात बाटलीत अफू किती, याची चर्चा गिऱ्हाइकापर्यंत पोचली नाही. क्लोरोडाईनची सवय जडलेली आणि जास्त मात्रेने दगावलेली माणसं मात्र त्याच काळातली.

मुंबईत ही ओळ उतरली तेव्हा तिच्यासाठी जागा तयारच होती. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत कोटातल्या मुंबईत इंग्रजी वर्तमानपत्रं निघाली आणि त्यांचा मोठा भाग सूचनांचाच असे : जहाज अमुक दिवशी सुटणार, बंगला भाड्याने देणे आहे, मयत साहेबाचं सामान लिलावात निघणार, विलायतेहून अमुक दारू आणि अमुक टोप्या आल्या आहेत. गुजराती अक्षरांचे ठसे मुंबईत पहिल्यांदा पाडले गेले ते एका पारशी कारागिराच्या हातून, ‘बॉम्बे कुरिअर’च्या छापखान्यात, आणि 1797 मध्ये ते वापरले गेले ते जाहिरातीसाठी. ग्रंथ आणि पोथ्या नंतर आल्या, व्यापाऱ्याची सूचना आधी छापली गेली. मुंबईच्या छपाईचा इतिहास सांगताना ही गोष्ट पुढे ठेवायला हवी असं मला वाटतं. पण ग्रंथालयांत खंड बांधताना जाहिरातींचीच पानं काढून टाकण्याची पद्धत पडली आणि आपल्या रोजच्या व्यवहाराचा केवढा तरी पुरावा रद्दीत गेला.

औषधवाल्यांना गावोगावचं गिऱ्हाईक मिळवून दिलं पोस्टाने. 1854 मध्ये देशभर एक दर आला : अर्ध्या आण्यात पत्र कुठेही जाऊ लागलं. 1877 मध्ये व्ही. पी. सुरू झाली. माल पोस्टमनच्या हातून घ्यायचा, पैसे त्याच्याच हातात द्यायचे. सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातला माणूसही आता मुंबईची बाटली घरबसल्या मागवू शकत होता. पण त्याने दुकान पाहिलेलं नाही, वैद्याचा चेहरा पाहिलेला नाही, आणि पैसे मोजल्याशिवाय पुडकं उघडता येत नाही. त्याने विश्वास ठेवायचा तो कशावर? म्हणून जाहिरातीत फोटो आला, सही आली. अक्षरओळख नसलेल्यांसाठी चित्राची छाप आली.

याच काळात देशी औषधवाले उभे राहिले. मुंबईत डॉ. बाटलीवाला यांचं हिवतापाचं मिक्श्चर होतं, गिरगावच्या के. टी. डोंगरे कंपनीचं बालामृत होतं. जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्यांच्या जाहिराती मराठी वाचकाला तोंडपाठ असत. 1893 मध्ये काशीनाथुनी नागेश्वरराव या तेलुगू गृहस्थांनी मुंबईत अमृतांजन काढलं. गाण्याच्या बैठकींत फुकट डब्या वाटून त्यांनी ते लोकांच्या कपाळापर्यंत पोचवलं. बामच्या पैशातून त्यांनी 1908 मध्ये मुंबईतूनच ‘आंध्रपत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक सुरू केलं, ते 1914 मध्ये मद्रासला जाऊन दैनिक झालं. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांना औषधांच्या जाहिरातींनी किती हात दिला, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. या धंद्यात लबाडी होती म्हणून त्याचं हे देणं नाकारण्यात अर्थ नाही.

आता या लोकांनी नकलेशी लढायचं कसं? छापांची सरकारी नोंद ठेवणारा कायदा 1940 पर्यंत इथे नव्हताच. तोवरची रीत अशी : रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन ‘ही छाप माझी’ असा लेख नोंदवायचा, आणि मग वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची की या छापेची नक्कल करणाऱ्यावर इलाज केला जाईल. म्हणजे ‘सावध राहा’ ही ओळ गिऱ्हाइकाला उद्देशून दिसली तरी निम्मी ती शेजारच्या औषधवाल्याला दिलेली नोटीस होती. उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर तिचं कात्रण पुराव्याला लागे.

बाटलीत काय आहे, हे रोखठोक सांगितलं ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने. 1909 मध्ये तिने गुप्त औषधांचं पृथक्करण करून एक पुस्तक छापलं. त्यात जगभर खपणाऱ्या बीचमच्या गोळ्यांत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण निघाला. एक शिलिंग दीड पेनीला विकल्या जाणाऱ्या 56 गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत सुमारे अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा भरली. गिऱ्हाईक शंभरपटीहून जास्त मोजत होतं. या गोळ्यांचीही नक्कल होऊ नये म्हणून जिवाचं रान केलं जात होतं.

हिंदुस्थानात चक्रं हळू फिरली. कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 1930-31 मध्ये देशातल्या औषधांच्या बाजाराची पाहणी केली आणि 1940 मध्ये औषधांचा कायदा आला. पेटंट औषधाच्या वेष्टनावर त्यातले घटक छापणं या कायद्याखाली पुढे बंधनकारक झालं. आयुर्वेदिक आणि युनानी औषधं मात्र 1964 च्या दुरुस्तीनंतरच त्या कायद्यात आली. मधल्या काळात, 1954 मध्ये, जाहिरातींचा कायदा झाला : मधुमेह, कर्करोग अशा ठरावीक रोगांवर औषध असल्याचा दावा जाहिरातीत करायचाच नाही.

या सगळ्या कथेचा गाभा एका खटल्यात सापडतो. पंडित ठाकूरदत्त शर्मा यांची लाहोरची ‘अमृतधारा’ 1901 पासून बाजारात होती. फाळणीनंतर तो धंदा डेहराडूनला आला. ‘लक्ष्मणधारा’ हे नाव 1923 पासून उत्तर प्रदेशात चालत होतं. या दुसऱ्या नावाची नोंद व्हावी की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. या जातीच्या औषधाची कृती आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे : कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल सारखं घेऊन बाटलीत घातलं की तिन्ही कोरडे पदार्थ एकमेकांत विरून तेलासारखं पाणी होतं. त्यात झाकण्यासारखं काही नाही. तरीही न्यायालयाने 1962 मध्ये बारकाईने विचार केला तो नावांचा. असं औषध खेड्यापाड्यांतले, शिकलेले-न शिकलेले सगळेच घेतात. नावांची फोड करून अर्थ लावत बसायला त्यांना सवड नसते, अर्धवट आठवणीवर ते बाटली मागतात, म्हणून ही दोन नावं घोटाळा करणारी आहेत, असा निर्णय झाला. पण अमृतधारावाले इतकी वर्षं गप्प राहिले म्हणून लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती नोंद मिळाली. निकाल मला न्याय्य वाटतो. पण एवढी वर्षं चाललेल्या या भांडणांत राखलं गेलं ते विकणाऱ्याचं नाव. पिणाऱ्याची राखण करणारा नियम वेगळ्या वाटेने आणि फार उशिरा आला.

तो नियम आज तुमच्या हातात आहे. औषधाची बाटली घेताना पुढचं नाव आणि फोटो पाहून झाला की ती उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. घटक छापलेले नसतील, किंवा जाहिरातीत मधुमेह मुळापासून बरा करण्याची हमी असेल, तर बाटली विकत घेऊ नका आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत लेखी तक्रार द्या.